मागचं चाक अधांतरी

युवराजला गाडीसाठी स्टँड घ्यायचा होता आणि काही केल्या तो घेणं होत नव्हतं. यावलहून दीपनगरला तो रोज मोटरसायकलने जायचा. तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली इलेक्ट्रिशियनचं काम होतं. रस्ता धुळीचा, त्यामुळे गाडीची चेन सारखी कोरडी पडायची. गाडी नव्या धाटणीची होती, तिला साइड स्टँड तेवढा होता, जुन्या गाड्यांसारखा सेंटर स्टँड नव्हता. चेन पुसून तेल द्यायचं तर मागचं चाक हाताने गरागरा फिरायला हवं, आणि चाक फिरायचं तर ते जमिनीपासून सुटायला हवं. गॅरेजवाल्याकडे गाडी सोडून यायला त्याचा जीव धजत नसे. घरच्या पडवीत बसून, आपल्या हाताने सगळं करण्यातच त्याला गोडी होती.

मागचं चाक उचलणारा पॅडॉक स्टँड घ्यावा, की इंजिनाखाली सरकवून अख्खी गाडी वर करणारी लिफ्ट घ्यावी, की फैजपूरच्या वेल्डरकडून अँगल जोडून काही बनवून घ्यावं, यावर त्याचं मत दर आठवड्याला बदलत होतं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, पडवी टेपने मोजायचा आणि पुन्हा गप्प बसायचा.

"मला बघायला आलात तेव्हा एवढा विचार केला नव्हता तुम्ही," शिल्पा म्हणायची. शिल्पा म्हणजे त्याची बायको. ती अंगणवाडीत होती.

तोवर भागवाभागवी चालली होती. शेजारच्या धनसिंगकडे जुनी जीप होती. तिचा जॅक मागून आणायचा, इंजिनाखाली सागाचा ठोकळा ठेवायचा, त्याखाली जॅक लावून गाडी हळूहळू वर घ्यायची. दोन-चार वेळा हे बिनबोभाट पार पडलं, आणि जे बिनबोभाट पार पडतं ते बरोबरच असतं, असं माणसाला वाटायला लागतं.

त्या रविवारी शिल्पा भाचीच्या साखरपुड्याला शिरपूरला गेली होती. घरात युवराज आणि त्याची आई, दोघंच. आई म्हणजे नर्मदाबाई. सत्तरी ओलांडलेली, काटक, पण कानाने गेलेली. कानात मशीन घातलं की बोलणं ऐकू यायचं, काढलं की ढग गडगडला तरी पत्ता नसायचा. रविवारी ती अंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जायची.

युवराजने सकाळीच गाडी जॅकवर चढवली होती. चेन आणि मागची दातेरी चकती दोन्ही झिजली होती, नवी बसवायची होती. त्यासाठी चाकच काढायला हवं. आदल्या दिवशी भुसावळला पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून घेतली होती, तेव्हा हे काम निघेल असं त्याच्या मनात नव्हतं. पडवीचं फाटक त्याने आतून लावून घेतलं, कारण गल्लीतली कुत्री आत येऊन ऑइलच्या डब्यात तोंड घालायची.

चाकाचा नट हलेना. तो गाडीच्या डाव्या बाजूला खाली बसला, एक पाय गाडीखाली लांबवला, रिंगपाना नटावर चढवला आणि सगळा भार देऊन ओढला.

जॅक कलला. तो कलताना युवराजने पाहिला. ठोकळा एका बाजूने उचलला गेला, गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली, आणि मग अंगावर आली. पाय काढायला त्याला फुरसत मिळाली नाही. हँडलची मूठ खांद्याला घासून फरशीवर आपटली, फूटरेस्ट मांडीत रुतलं, आणि डावा पाय गुडघ्यापासून खाली गाडीच्या वजनाखाली गेला.

पहिल्यांदा दुखलंच नाही. नुसता श्वास अडकला. मग त्याने दोन्ही हातांनी सीट धरून गाडी ढकलून पाहिली. आडवं पडून एवढं वजन हलणार कसं? ती जराशी उचलली जाई आणि पुन्हा बसे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जड. "माय," त्याने हाक मारली. "ओ माय." घर गप्प होतं. मोबाइल आत चार्जिंगला लावलेला होता. ती अंघोळीच्या तयारीत असणार, म्हणजे मशीन काढून ठेवलं असणार, हे त्याच्या लक्षात आलं. ठीक आहे, तो स्वतःशी म्हणाला, अंघोळ करून येईल, तोवर पडून राहू. पाय तर तुटलेला वाटत नाही.

मग त्याच्या कोपराला गार लागलं.

त्याने मान वळवली. टाकीच्या झाकणाचं रबर जुनं झालं होतं, ते बदलायचंही राहूनच गेलं होतं. झाकणाच्या कडेने पेट्रोल पाझरत होतं, टाकीवरून ओघळत फरशीवर येत होतं. वास नाकात शिरला आणि डोळ्यांत पाणी आलं. पडवीला उतार होता. शहाबादी फरशीच्या सांध्यातून पेट्रोलची बारीक रेघ चालली होती, त्याच्या कोपराजवळून, हौदाच्या कडेने, न्हाणीच्या नालीकडे. नाली जिथून पुढे जात होती तिथे, घराच्या बाजूच्या बोळीत, पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता.

बंब पेटलेला नव्हता. त्याने हुश्श केलं, आणि त्याच वेळी स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं.

नर्मदाबाई बोळीत आली. खांद्यावर धुतलेलं पांढरं लुगडं, काखेत कपाशीच्या पऱ्हाट्यांची मोळी. त्याच्याकडे तिची पाठ होती. ती बंबापाशी उकिडवी बसली आणि पऱ्हाट्या मोडून एकेक आत सरकवू लागली.

"माय, थांब. माय, काडी ओढू नको."

तो ओरडला. घसा फाटेल असा ओरडला. कुठेतरी कुत्रं भुंकायला लागलं. नर्मदाबाईने केळीचं वाळलेलं पान चुरगाळून पऱ्हाट्यांखाली कोंबलं. तीच एक माणूस त्याला सोडवायला येऊ शकत होती, आणि तिने तिथून निघून जावं, लांब जावं, एवढंच त्याला हवं होतं. पेट्रोलची रेघ नालीत उतरली होती. नालीतून ती तिच्या पायांपाशी पोचायला किती वेळ लागेल? पोचलीही असेल. तिला वास येत नाही का? पण वारा तिच्याकडून त्याच्याकडे वाहत होता.

हाताला लागली ती चेनच्या तेलाची बाटली त्याने फेकली. बाटली हौदावर आपटून घरंगळली. नर्मदाबाईने कनवटीची काडीपेटी काढली. काडी ओढली. ती मोडली.

तिने मोडलेली काडी टाकून दुसरी काढली. आता त्याच्या हातात रिंगपाना होता. बंबावर मारावा, असं आधी वाटलं. पण बंब कितीही खणखणला तरी तिच्या कानापर्यंत काय जाणार होतं? तिला कळायचं तर तिच्या अंगालाच कळायला हवं. हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की त्याची त्यालाच भीती वाटली. डोकं नको, पाठ नको. पाय. त्याने कोपरावर अंग तोललं, आईच्या पायाचा नेम धरला आणि अंगात होता नव्हता तो जोर लावून पाना फेकला.

पाना तिच्या घोट्याच्या वर लागला. आवाज त्याला इथपर्यंत आला.

नर्मदाबाई बाजूला कलंडली. काडी न पेटताच हातातून सुटली. तिने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मग तिने वळून पाहिलं, आणि तिला दिसलं ते असं: लेक जमिनीवर पडलाय, चेहरा ओळखू येऊ नये इतका पिळवटलाय, आणि त्याच्या उगारलेल्या हातात हातोडा आहे. पाना चुकला असता तर हातोडा फेकायचा म्हणून त्याने तो उचललेला होता. खाली ठेवायचं भान त्याला उरलं नव्हतं.

ती मागे सरकली. एक पाय ओढत, दोन्ही हातांवर भार देत, त्याच्यापासून मागे. हात तोंडापुढे धरला, मार चुकवायला धरतात तसा. त्याच्या आईने. त्याच्यापासून.

युवराजने हातोडा टाकला. पेट्रोल, पेट्रोल, असं तो ओरडत राहिला, मग ओरडून उपयोग नाही हे उमगून त्याने नाक चिमटीत धरलं, नालीकडे बोट दाखवलं, गाडीकडे दाखवलं, दोन्ही हातांनी नको नको केलं. ती बघत होती. तिला काही कळत नव्हतं. मग मागे सरकता सरकता तिचा हात नालीत पडला, तो तिने नाकाशी नेला, आणि तिचा चेहरा बदलला.

पहिलं काम तिने केलं ते काडीपेटी उचलून भिंतीपलीकडे भिरकावण्याचं. मग ती फरपटत मागच्या दारातून गेली. थोड्या वेळाने तिची हाक मागच्या गल्लीतून ऐकू आली, धनसिंगला मारलेली, चिरकी आणि लांबच लांब.

धनसिंग भिंतीवरून उडी टाकून आला. त्याच्या ओठात बिडी होती. ती विझलेली होती, पण ते युवराजला दिसेपर्यंत त्याने जे ओरडायचं ते ओरडून घेतलं. धनसिंगने बिडी खिशात घातली, एकट्याने गाडी उभी केली आणि म्हणाला, "पोरा, पाय आहे ना रे खाली?"

पाय होता. मांडीला जखम, पोटरी काळीनिळी, हाड शाबूत. नर्मदाबाईचं मात्र घोट्याच्या वरचं हाड तडकलं होतं. धनसिंगच्या जीपमधून दोघांना भुसावळला नेलं.

"कसं लागलं?" डॉक्टरने विचारलं.

"मी पाय घसरीसन पडनू," नर्मदाबाई म्हणाली. आता तिच्या कानात मशीन होतं. तिचं माहेर शिरपूरकडचं, इतकी वर्षं यावलात काढूनही बोली अहिराणीच राहिली होती.

"नाही," युवराज म्हणाला. "मी पाना फेकून मारला."

डॉक्टरने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. युवराजने सगळं सांगितलं.

निरोप मिळताच शिल्पा पहिल्या एसटीने शिरपूरहून आली. सासूचा प्लास्टरमधला पाय तिने उशीवर ठेवला, नवऱ्याची मांडी पाहिली, आणि कोणालाच बोल लावला नाही. नातेवाइकांनी मात्र लावला. भेटायला येणारे आधी म्हातारीला, मग तिच्या पायाला आणि मग युवराजला न्याहाळत. नर्मदाबाईची बहीण तर दारातूनच म्हणाली, "आईवर हात उचलला म्हणतात." नर्मदाबाईने तिला बसवून सगळं समजावलं. गावाला गोष्ट पटली, आणि जीव वाचवला म्हणून त्याचं कौतुकही झालं.

पण घरात दुसरंच चाललं होतं. युवराज आईच्या खोलीत गेला की ती पाय आखडून घेई, प्लास्टर असलेलासुद्धा. एकदा तो तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन गेला. ती डोळे मिटून पडली होती. चाहूल लागून डोळे उघडले तर समोर हात वर केलेला माणूस. तिने तोंडापुढे हात धरला. लगेच काढला, तांब्या घेतला, पाणी प्याली.

गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. युवराज एसटीने भुसावळ आणि तिथून रिक्षाने कामावर जाऊ लागला. ताडपत्रीजवळून जाताना तो भिंतीला चिकटून जाई. शिल्पाच्या हातून झाकणी पडली तरी त्याच्या पायाचे स्नायू आवळून येत. पुन्हा पुन्हा त्याला वाटायचं की काडी मोडलीच नाही. काडी पेटली. रेघ पेटली. पांढरं लुगडं पेटलं. जे झालं नाही तेच त्याला सारखं दिसे, आणि जे झालं ते आईला.

"विकून टाका नाहीतर नीट स्टँड आणा," शिल्पा एके दिवशी म्हणाली. "ताडपत्री घालून ठेवलेली गाडी मला मढ्यासारखी वाटते."

"स्टँडवरूनही पडतेच," तो म्हणाला. मोबाइलवर आता तो तेवढंच शोधायचा, स्टँडवरून पडलेल्या गाड्या.

प्लास्टर निघायच्या आधीच्या आठवड्यात नर्मदाबाईने त्याला बोलावलं आणि पलंगाच्या कडेला बसायला सांगितलं.

"तू माले वाचाडं, हाई बठ्ठा गाव सांगस," ती म्हणाली. "माले बी समजस. पन एक गोष्ट मी कोनलेच सांगनी नही. तुना हातमा हातोडा दिखना ना, तव्हय माले वाटनं, तू माले माराले उठना."

युवराज खाली बघत राहिला.

"वास वना तव्हय समजनं. पन त्याना आगोदर जे वाटनं, ते आजून जात नही. मी घालवाले देखस, जात नही."

"माझ्याही डोळ्यांपुढून जात नाही," तो म्हणाला. "तुझा चेहरा. तू हात धरलास तो."

आपण रडू असं त्याला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. उलट कितीतरी दिवसांनी त्याला श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला. मग त्याने विचारलं, "मी काय करू?"

"येवाना आगोदर हाक मार," ती म्हणाली. "रिकामा हातनी ये. बाकीनं व्हई हळूहळू." आणि मग, "स्टँड लेवाले मी येसू तुनासंगे. माले देखनं शे."

जळगावात मोटरसायकलच्या सामानाची दुकानं एका रस्त्याला ओळीने होती. धनसिंगच्या ओळखीचा चुडामण नावाचा दुकानदार होता. त्याच्या दुकानात एक जड गाडी मागच्या चाकावर पॅडॉक स्टँड लावून उभी केलेली होती. नर्मदाबाई काठी टेकत आत शिरली तेव्हा ती औषधाचं दुकान समजून चुकून आली असावी, असंच चुडामणला वाटलं. शिल्पाने तिला खुर्चीवर बसवलं.

चुडामणने आधी लिफ्ट दाखवली. इंजिनाखाली सरकवायची, दांडा फिरवला की कात्रीसारखी उघडत वर जाणारी. युवराजने ती वाकून पाहिली. बैठक जेमतेम विटेपेक्षा थोडी मोठी.

"सपाट काँक्रीटवर छान आहे," चुडामण म्हणाला. "तुमच्याकडे जमीन कशी?"

"उतार आहे."

"मग नको. उतारावर हिच्या नादी लागू नका." त्याने लिफ्ट परत फळीवर ठेवली. "चेनचंच काम असेल तर पॅडॉक घ्या. मागे दोन्ही बाजूंना बॉबिन, म्हणजे खाचेचे खुंट, बसवून देतो, स्टँडचे आकडे त्यात अडकतात. बैठक रुंद हवी, पाइप जाड हवा. चाकवाला स्टँड घेतलात तरी गाडी चढली की स्टँडची चाकं जमिनीपासून सुटलेली हवीत, दांडा जमिनीला टेकलेला. आणि पुढच्या चाकाला अडसर लावायचा. पडवीचा एक कोपरा सपाट करून घ्या, मगच वापरा."

"चढवताना गाडी कोन धरस?" नर्मदाबाईने विचारलं.

चुडामणने तिच्याकडे पाहिलं. "दुसरा माणूस लागतो, अक्का. सवय झाल्यावर एकटेही करतात. पण पडते ती तेव्हाच."

"एकला नही करनार तो."

"नाही करणार," युवराज म्हणाला.

चुडामण करून दाखवू लागला. शिल्पाला त्याने हँडल धरायला लावलं, गाडी साइड स्टँडवरून सरळ केली, मागून आकडे अडकवले आणि दांडा दाबला. मागचं चाक जमिनीवरून सुटलं. युवराज नकळत दोन पावलं मागे गेला होता आणि सामानाच्या फळीला टेकला होता. सगळं अंग त्या चाकाखालच्या रिकाम्या जागेकडे बघत होतं.

"ढकलून बघा," चुडामण त्याला म्हणाला.

त्याला ते जमेना. हात उचलले जाईनात. तेवढ्यात नर्मदाबाई खुर्चीवरून उठली, काठी खुर्चीला टेकवून ठेवली, आणि दोन्ही तळवे सीटवर ठेवून गाडी ढकलली.

"माय, सरक बाजूला." तो इतक्या मोठ्याने ओरडला की दुकानातलं गिऱ्हाईक वळून पाहायला लागलं. तो पुढे झाला आणि त्याने आईचे दंड धरले. तिने हात धरला नाही तोंडापुढे. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"ऐकू वनं," ती म्हणाली. "नही हालत. तू बी ढकल."

त्याने ढकललं. आधी बोटांनी, मग तळव्याने, मग खांद्याने. गाडी जराशी थरथरली आणि होती तिथे राहिली. त्याने आणखी एकदा ढकललं. मग दुसऱ्या बाजूने जाऊन ढकललं. नर्मदाबाई तिथेच उभी राहिली, त्याला पुरे म्हणाली नाही, आणि चुडामणही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला नाही.

त्यांनी तोच स्टँड घेतला.

पडवीचा कोपरा गवंड्याकडून सपाट करून घेतला. पहिल्यांदा गाडी चढवायची त्या दिवशी युवराजने टाकी जवळजवळ रिकामी करून घेतली, झाकणाचं रबर बदललं, फाटक सताड उघडं ठेवलं. हे सगळं झाल्यावर तो पायरीवर बसून राहिला. शिल्पा हँडल धरून वाट बघत होती. "हात भरून आले माझे," ती म्हणाली. तेव्हा तो उठला.

दांडा दाबताना त्याने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा चाक अधांतरी होतं, शिल्पा उभी होती, आणि नर्मदाबाई दाराच्या आत, उंबऱ्यापलीकडे बसून बघत होती. बाहेर ती आली नाही. तिने येऊही नये असं त्याला वाटलं. तो गाडीच्या बाजूला बसला, पाय अंगाजवळ ओढून घेऊन, आणि चाक हाताने फिरवलं. जुनी चेन खडखडत फिरली. नवी चेन आणि चकती बसवून होईपर्यंत दुपार झाली. एरवी जे तासाभरात उरकलं असतं त्यासाठी तो कितीदा तरी उठला, लांब जाऊन उभा राहिला, परत आला.

त्यानंतर काही दिवसांनी नर्मदाबाईला भाचीकडे दीपनगरला जायचं होतं. शिल्पा एसटीचं बघत होती. "गाडीवर जासू," म्हातारी म्हणाली. युवराजने गाडी काढली. ती एका अंगाने मागे बसली, काठी मांडीवर आडवी धरली आणि दुसऱ्या हाताने त्याचा खांदा धरला. तापीच्या पुलावर वारा होता. समोरून केळीने भरलेले ट्रक येत होते, आणि प्रत्येक ट्रकसरशी तिची बोटं त्याच्या खांद्यात रुतत. त्याने वेग कमी केला, तरी रुतत. "हळू चालवतोय, माय," तो मान न वळवता मोठ्याने म्हणाला.

"चाल," ती म्हणाली.

दीपनगरच्या कॉलनीत पोचून गाडी थांबली, तेव्हा कुठे तिने खांदा सोडला. त्याने हात देऊन तिला उतरवलं.